बोटानं बोललेलं कोण वाचतं?

अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगाव येतं. त्याच्या शिवेत मेहेराबाद आहे. १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी इथे मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं! नगरकरांना ही गोष्ट नवी नाही. दर जानेवारीअखेर अमरतिथीला जगभरातून माणसं इथे येतात, आणि मौनाच्या आध्यात्मिक अर्थाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या गोष्टीतल्या एका साध्या वस्तूकडे मात्र पुरेसं लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे एक फळी.

मौनाच्या सुरुवातीला बाबा लिहून सांगत. १९२७ साली त्यांनी लिहिणंही थांबवलं आणि समोर आली इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे मांडलेली फळी. बाबांचं बोट एकेका अक्षरावरून फिरायचं आणि शेजारी बसलेला सहकारी ती अक्षरं जोडून मोठ्यानं वाचून दाखवायचा. सप्टेंबर १९३१ मध्ये ‘राजपुताना’ बोटीवर महात्मा गांधींशी भेट झाली तेव्हाही बाबांच्या बाजूनं हीच फळी बोलली. १९५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘गॉड स्पीक्स’ हा ग्रंथ एकही शब्द न उच्चारता सांगितला गेला. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी फळीही बाजूला ठेवली. पुढची चौदा वर्षं सगळा व्यवहार हातांच्या खुणांवर चालला, आणि त्या खुणा वाचण्यात त्यांचे सहकारी एरच जेसावाला इतके तरबेज झाले की समोरचा माणूस बाबांच्या हातांकडे पाहत एरचांच्या तोंडून ऐकत असे.

आजच्या वैद्यकाच्या भाषेत या फळीला नाव आहे. ‘पूरक आणि पर्यायी संवाद’ नावाची एक विद्याशाखा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे एएसी म्हणतात. ज्याला तोंडानं बोलता येत नाही किंवा पुरेसं बोलता येत नाही, त्याला खुणा, चित्रं, अक्षरं, नजर, यंत्र अशा कुठल्याही वाटेनं बोलतं करायचं, हे तिचं काम. या क्षेत्रातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ साली स्थापन झाली. अरणगावात मात्र त्याच्या अर्धशतक आधीपासून रोज सकाळ-संध्याकाळ हाच व्यवहार चालू होता, आणि त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. फळी हा या संवादाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे ती वाचायला शिकलेली माणसं.

आता बाबांच्या जागी चार वर्षांची एखादी मुलगी कल्पून बघा. पाथर्डी किंवा जामखेडकडच्या कुठल्याशा वाडीवरची. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाली. बाबांनी मौन स्वतः निवडलं होतं, त्यांना अनेक भाषा येत होत्या, लिहिता-वाचता येत होतं. या मुलीनं काहीच निवडलेलं नाही आणि तिला अजून अक्षरओळखही नाही. पण तिला भाषा नाही असं मात्र समजू नका.

थक्क व्हावं अशी गोष्ट खरी इथेच आहे. बोलणं आणि भाषा हे दोन वेगळे उद्योग आहेत. बोलणं हे स्नायूंचं काम. छाती, गळा, जीभ, ओठ, जबडा मिळून शंभराच्या आसपास स्नायू एकमेकांशी क्षणाच्याही छोट्या भागात ताळमेळ राखतात, तेव्हा कुठे ‘आई’ हा दोन स्वरांचा शब्द बाहेर पडतो. भाषा हे मेंदूचं काम. आजी रोज काय म्हणते, ‘उद्या’ म्हणजे काय, कुत्रा गेला आणि कुत्रा गेला का यांत फरक काय, हे समजून घेणं. सेरेब्रल पाल्सीत स्नायूंना पोचणारे हुकूम विस्कटलेले असतात. त्यामुळे भाषा आत साठत राहिली तरी तिला बाहेर पडायला दार नसतं, असं पुष्कळ मुलांच्या बाबतीत घडतं. स्वमग्न मुलांची वाट वेगळी असते, श्वासनलिकेत नळी घातलेल्या मुलाची आणखी वेगळी. पण न बोलणाऱ्या मुलाला ‘त्याला काही कळत नाही’ म्हणून बाजूला बसवणं ही चूक तिघांच्याही बाबतीत सारखीच होते.

दवाखान्यात ही चूक फार महाग पडते. सेरेब्रल पाल्सीवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातले दोन आकडे मला शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. या आजाराच्या चारांपैकी एका मुलाला बोलता येत नाही. आणि चारांपैकी तिघांना वेदना असतात. आखडलेले स्नायू, खुब्यातून सरकलेला सांधा, पोटातलं आम्ल घशाशी येणं, बद्धकोष्ठ अशी कारणं असंख्य. म्हणजे ज्यांना दुखतं त्यांतल्या कितीतरी जणांना ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. मग ते मूल रडतं, हातपाय ताठ करतं, जेवण थुंकतं. मोठी माणसं म्हणतात, हट्टी आहे.

डॉक्टरचा पहिला प्रश्न काय असतो? ‘कुठं दुखतं, बाळा?’ सगळं निदान या प्रश्नाच्या उत्तरावर उभं राहतं, आणि तिथेच उत्तर नाही.

बोलता येणाऱ्या लहान मुलांनाही वेदना किती हे सांगता येत नाही, कारण ‘दहापैकी सात’ हा हिशेब मोठ्यांचा. यावरचा सर्वांत प्रसिद्ध तोडगा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टल्सा इथल्या एका रुग्णालयात, भाजलेल्या मुलांच्या विभागात निघाला. कॉनी बेकर आणि डोना वाँग या दोघींनी मुलांच्याच मदतीनं सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडवेला, मधले चार पायरीपायरीनं बदलत गेलेले. मुलानं आपला चेहरा निवडायचा. आज ही पट्टी जगभर दवाखान्यांच्या भिंतींवर दिसते. ‘पर्यायी संवाद’ असा शब्द न वापरता कितीतरी सिस्टर रोज तेच करत असतात.

पण चेहरा निवडण्यासाठी बोट दाखवता यायला हवं, आणि ‘हा चेहरा म्हणजे मी’ ही उडी मारता यायला हवी. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी मिशिगन विद्यापीठात १९९७ साली दुसरी मोजणी तयार झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं या पाच गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. काही वर्षांनी तिच्यात एक बदल झाला आणि तो मला फार सुंदर वाटतो. अपंग मुलांच्या वेदनेच्या खुणा पाठ्यपुस्तकातल्यासारख्या नसतात. एखादं मूल दुखलं की हसतं. एखादं अगदी गप्प होतं, एखादं स्वतःचा हात चावतं. म्हणून सुधारित मोजणीत आईवडिलांना आधीच विचारतात, ‘तुमच्या लेकराला दुखतं तेव्हा ते नेमकं काय करतं?’ आई सांगेल ते त्या कागदावर लिहिलं जातं आणि नंतर प्रत्येक पाळीतली सिस्टर तेच पाहून गुण देते. आईला जे वाचता येतं ते दवाखान्याला वाचता यावं, म्हणून केलेली ही लेखी सोय.

एडिंबरोच्या सॅली मिलर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच कल्पना आणखी पुढे नेली. त्यांनी न बोलणाऱ्या मुलांसाठी छोटी पुस्तिका सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘पासपोर्ट’. मुलाच्या तोंडी, ‘मी’ असं म्हणत लिहिलेली. मी वर पाहिलं की हो समजा. मी डोळे मिटले की नाही समजा. मला पाणी बाटलीनं नका देऊ, ठसका लागतो, चमच्यानं द्या. मशीनच्या आवाजाची मला भीती वाटते, आधी सांगा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात केसपेपर असतोच. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अशा चार ओळी लिहायला एक पेन पुरतं.

चित्रांकडे येऊ या, कारण अक्षर न येणाऱ्या मुलाला मेहेरबाबांची फळी उपयोगाची नाही. या चित्रांमागची गोष्ट एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. कार्ल ब्लिट्झ नावाचा रसायन अभियंता १८९७ साली ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या चेर्नोविट्झ शहरात जन्मला. तिथे वीस भाषा बोलणारे लोक एकमेकांशी भांडत, असं तो नंतर सांगे. ज्यू असल्यामुळे १९३८ साली नाझींनी त्याला डाखाउ आणि बुकेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं. तिथून सुटून तो शेवटी शांघायला पोचला. एकमेकांचं बोलणं न कळणारे चिनी लोक एकच लिपी वाचू शकतात हे पाहून तो चक्रावून गेला. जगातली भांडणं भाषेमुळे होतात, तर उच्चार नसलेली, फक्त अर्थ असलेली चिन्हं करू, या ध्यासानं त्यानं एक चिन्हभाषा रचली. ऑस्ट्रेलियात जाऊन, चार्ल्स ब्लिस हे नाव घेऊन १९४९ साली ती छापली. कुणीही ढुंकून पाहिलं नाही.

बावीस वर्षांनी, १९७१ साली, टोरांटोतल्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन ही शिक्षिका न बोलणाऱ्या मुलांसाठी काहीतरी शोधत होती. ग्रंथालयातल्या पुस्तकातून ब्लिसची चिन्हं सापडली. ती मुलांसमोर मांडली आणि त्यांनी ती भराभर उचलली. घर, माणूस, हृदय, बाण अशा थोड्या आकारांची जोडणी करून मुलं नवे अर्थ तयार करू लागली. राष्ट्रांचं भांडण मिटवायला निघालेल्या माणसाची भाषा व्हीलचेअरवरच्या मुलांच्या पहिल्या वाक्यांसाठी कामी आली. ब्लिसला आधी अपार आनंद झाला, आणि पुढे आपली चिन्हं शिक्षक बदलतात म्हणून तो त्याच केंद्राशी वर्षानुवर्षं भांडला. आज वापरात असलेली बहुतेक चित्रं ब्लिसच्या चिन्हांपेक्षा सोपी, बघताक्षणी ओळखू येणारी असतात. पण अक्षर येण्याआधीही मूल वाक्य करू शकतं, हे जगाला टोरांटोच्या त्या मुलांनी दाखवलं.

चित्रफलक करायचा म्हटलं की आपला पहिला विचार असतो: पाणी, दूध, भाकरी, शू, शी, आई, बाबा. गरजेच्या वस्तू. चुकतं ते इथेच. आपण दिवसभर जे बोलतो त्याचा बहुतांश भाग दोनचारशे शब्दांतच फिरत असतो आणि त्यांत वस्तूंची नावं अगदी थोडी. मी, तू, हे, ते, अजून, पुरे, नको, दे, चल, थांब, झालं, का, कुठे, वेगळं. ‘अजून’ या एका चित्रावर बोट ठेवून मूल अजून गाणं, अजून झोका, अजून औषध नको हे सगळं सांगू शकतं. ‘भाकरी’वर बोट ठेवून फक्त भाकरी मिळते. त्यातही नुसत्या मागण्यांचा फलक म्हणजे माणसाला हॉटेलातल्या गिऱ्हाइकाइतकंच बोलू देणं. मुलाला तक्रार करायची असते, ‘हे काय?’ म्हणून विचारायचं असतं, भावाची चहाडी करायची असते.

बोट उचलत नसेल तर? तर नजर आहे. एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर कडेनं चित्रं चिकटवायची आणि ती आपल्या आणि मुलाच्या मध्ये धरायची. मूल ज्या कोपऱ्याकडे बघतं ते आपल्याला पलीकडून दिसतं. नजरही स्थिर राहत नसेल तर आई एकेक पर्याय वाचते, ‘पाणी? कूस बदलू? बाहेर जायचं?’ आणि योग्य ठिकाणी मूल पापणी मिटतं किंवा ओठ हलवतं. हे सगळं संथ चालतं. बोलणारा माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, फलकावरून किंवा यंत्रावरून बोलणाऱ्याचे बहुधा पंधराही होत नाहीत. म्हणून या क्षेत्रातला सगळ्यांत मोलाचा सल्ला कुठल्याही यंत्राबद्दल नाही. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा, मनात निदान दहापर्यंत आकडे मोजा, दुसरा प्रश्न घुसडू नका. गर्दीच्या ओपीडीत दहा आकडे हा फार मोठा काळ असतो, हे मला ठाऊक आहे. तरी तो द्यायला हवा.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणीतरी लवकर सांगायला हवी. साधं मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर आपल्याभोवतीचं बोलणं ऐकत असतं. तोवर आपण त्याला ‘बोल, बोल’ म्हणून परीक्षा घेत नाही. मग चित्रफलक हातात देऊन दुसऱ्याच दिवशी ‘दाखव बरं पाणी कुठंय’ असं विचारणं कसं चालेल? त्या मुलाभोवती फलकावरून कुणीच बोलत नसतं. म्हणून आधी मोठ्यांनी बोलायचं. ‘चल, अंघोळ झाली, आता जेवू’ असं म्हणताना ‘चल’, ‘झालं’, ‘जेवण’ या चित्रांवर स्वतः बोट ठेवायचं. महिनोन्‌महिने. मुलानं काहीही न दाखवता.

आजीचा एक आक्षेप असतोच, आणि तो प्रेमातून आलेला असतो. ‘चित्रं दाखवायची सवय लागली तर पोर बोलायचं राहूनच जाईल.’ ही भीती जगभर आहे. २००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी तोवरचे विश्वासार्ह अभ्यास गोळा करून २७ जणांच्या नोंदी तपासल्या. पूरक संवाद सुरू केल्यानंतर एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, आणि बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. कारणही समजण्यासारखं आहे. आपलं म्हणणं पोचतंय असं दिसलं की मुलावरचं दडपण उतरतं आणि सांगण्याची हौस वाढते. काही मुलं पुढे बोलू लागतात, काही आयुष्यभर फलकावरच बोलतात. दोघंही बोलतच असतात.

आपल्या राज्यात या विचाराची मुळं एका आईपाशी जातात. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब हिला, सेरेब्रल पाल्सी होती आणि मुंबईत तिला घेईल अशी शाळा नव्हती. १९७२ साली मिठूताईंनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. तिचं आजचं नाव ‘अडॅप्ट’. मालिनीचं बोलणं अनोळखी माणसाला समजत नाही. ती झेवियर्समधून पदवीधर झाली, लंडनला जाऊन पुढचं शिक्षण घेतलं, आणि टंकलेखन करता येणाऱ्या एकाच बोटानं आत्मचरित्र लिहिलं. ते २०११ साली आलं, नाव ‘वन लिटल फिंगर’. ज्या मुलीबद्दल सुरुवातीला डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली होती, तिचं हे पुस्तक न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डॉक्टरनं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

यंत्रंही आता इथली आहेत. चेन्नईचे अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे चित्रांवरून बोलणारं उपकरण केलं. त्याआधी अशी यंत्रं परदेशातून लाखो रुपये मोजून आणावी लागत. पवईच्या आयआयटीतल्या अभिकल्प विभागानं ‘जेलो’ हे मोफत अॅप तयार केलं, आणि त्यात मराठीही आहे. त्यात चित्रांच्या जोडीला आवडतं, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी अशी भाव सांगणारी सहा बटणं आहेत. चित्र निवडायचं, मग भाव निवडायचा, की फोन पूर्ण वाक्य बोलतो.

पूर्ण वाक्य का, हे मराठी माणसाला लगेच कळेल. इंग्रजीसाठी केलेल्या फलकावर ‘मी’, ‘हवं’, ‘पाणी’ या चित्रांवर ओळीनं बोट ठेवलं की त्या भाषेत वाक्य तयार होतं. आपल्याकडे ‘मी’चं ‘मला’ व्हायला हवं आणि क्रियापद शेवटी जायला हवं. डोकं दुखतं, पण पोटात दुखतं. मुलगा ‘दमलो’ म्हणतो, मुलगी ‘दमले’. नुसते सुटे शब्द उच्चारणारं यंत्र परक्यासारखं बोलतं, आणि मुलांना ते कळतं. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या पुरुषाच्या आवाजात ‘मी दमलो’ म्हणायला लावणं म्हणजे तिला दुसऱ्याचा सदरा घालणं. कागदी फलकाला मात्र ही अडचण नाही, कारण तिथे पलीकडे माणूस असतो. मुलानं ‘मी’, ‘पोट’, ‘दुखणं’ दाखवलं की आई म्हणते, ‘पोटात दुखतंय का रे तुझ्या?’ आणि व्याकरण तिच्या तोंडातून आपोआप नीट होतं.

आवाज कुणाचा, या प्रश्नाला बॉस्टनच्या बाल रुग्णालयातल्या जॉन कॉस्टेलो यांनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत हळवं वाटतं. काही शस्त्रक्रियांनंतर मुलाच्या श्वासनलिकेत कित्येक दिवस नळी राहते. स्वरयंत्राशी हवा पोचत नाही, मूल पूर्ण शुद्धीत असतं आणि आवाज मात्र बंद. कॉस्टेलो शस्त्रक्रियेच्या आधी मुलाबरोबर बसत. नंतर काय काय म्हणावंसं वाटेल ते मूल स्वतः ठरवी आणि आपल्याच आवाजात यंत्रात बोलून ठेवी. अतिदक्षता विभागात जाग आली की एक बटण दाबायचं आणि आपलाच आवाज खोलीत ऐकू यायचा. ही पद्धत त्यांनी २००० साली लिहून प्रसिद्ध केली. आज प्रत्येक घरातल्या फोनमध्ये आवाज साठवायची सोय आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नातेवाईक जमलेलेच असतात.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके, २०११च्या जनगणनेत ४५ लाखांवर माणसं. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकाकडून नगरला यायचं तर आख्खा दिवस मोडतो. वाचा उपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत सापडतात. मूल मात्र वाडीवर असतं, आणि पाथर्डी, जामखेड, शेवगावकडची कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. सहा महिने घर म्हणजे फडाशेजारची खोपी. चार्जिंगची खात्री नाही, पाणी आणि चिखल सगळीकडे. तिथे महागडं यंत्र टिकणार नाही, पण लॅमिनेशन केलेला, दोरीनं बैलगाडीला बांधता येणारा फलक टिकेल. त्यावर ब्रेड-टोस्टचं चित्र नको. कोयता, मोळी, बैल, ट्रॅक्टर, खोपी, आणि आई जिथे कामाला गेलीय तो फड हवा. मूल ज्या जगात राहतं, तेच जग त्या कागदावर असायला हवं.

सरकारी चौकट कागदावर तरी आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायची सोय त्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या करताना ब्रेल आणि खाणाखुणांच्या भाषेबरोबर पूरक आणि पर्यायी पद्धतींचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे न बोलणाऱ्या मुलाच्या फलकाकडे बघणं हा दवाखान्याचा मनाचा मोठेपणा नव्हे, तो मुलाचा हक्क आहे.

उरतो तो मूळ प्रश्न, फलक वाचणाऱ्या माणसाचा. आणि इथे मला या जिल्ह्याबद्दल खरी आशा वाटते. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. खेड्यातल्या बायकांना, ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या जामखेडला एकत्र जमत, चित्रांतून, गाण्यांतून, गप्पांतून शिकत, आणि गावात जाऊन बाळंतपणं करत, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत. डॉक्टरांनीच करावं असं जे मानलं जाई त्यातलं बरंच काही गावातली बाई करू शकते, हे त्यांनी करून दाखवलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. मग पापणीची खूण ओळखणं, पारदर्शक शीटमधून नजर वाचणं, प्रश्न विचारून थांबणं, हे आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना का शिकवता येऊ नये? यासाठी पदवी लागत नाही. एरच जेसावालांकडेही या कामाची पदवी नव्हती. ते त्या हातांजवळ वर्षानुवर्षं बसले, एवढंच.

सुरुवात एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या बालरुग्ण कक्षापासून करता येईल. प्रत्येक खाटेला एक पान. डाव्या बाजूला सहा चेहरे. मध्ये मुलाच्या शरीराची बाह्यरेखा, पुढून आणि मागून, म्हणजे ‘कुठं’ या प्रश्नाला बोट ठेवायला जागा. वर मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत हो, नाही, थांबा, अजून, झालं. खाली दुखतंय, गार वाटतंय, उकडतंय, भीती वाटते, मळमळतंय, आईला बोलवा, कूस बदला, हे काय करताय? सलाईनच्या सुईचं चित्र हवं, कारण मुलाच्या मनात बहुतेक वेळा तीच असते. शिवीसारखं काहीतरीही असू द्यावं, ‘जा तिकडे’ इतपत. रागावता आलं की मूल रडायचं थांबतं, असा अनुभव यात काम करणारे सांगतात.

आणि उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, जो अनुभवी माणसं कधीच विसरत नाहीत. त्यात चित्र नसलं तरी चालतं, प्रश्नचिन्ह पुरतं. त्याचा अर्थ, ‘मला म्हणायचंय ते इथं नाहीये.’ मुलीनं त्यावर बोट ठेवलं की सिस्टरनं पान बाजूला करायचं, खाटेवर टेकायचं आणि पहिल्यापासून विचारायला लागायचं. माणसाबद्दल आहे का? घरच्या कुणाबद्दल? आज झालं त्याबद्दल, की उद्या व्हायचंय त्याबद्दल?